टरफलातून दिसणारा डायनोसॉर

दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, १८५९ मध्ये झाँ-झाक पुएश या धर्मगुरूंना जाड टरफलांचे तुकडे सापडले. तुकड्यांच्या बाकावरून अंडी प्रचंड मोठी असणार हे त्यांनी ओळखले आणि ती एखाद्या महाकाय पक्ष्याची मानली. त्यांना हसण्याचे कारण नाही. डायनोसॉर हे नाव रूढ होऊनच तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती. १८७७ मध्ये पॉल जेर्वे यांनी अशा टरफलांचे पातळ छेद घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वाट योग्य होती. तरीही पुढे बराच काळ अंडे कोणाचे हे ठरत राहिले, ते शेजारी कोणाची हाडे पडली आहेत त्यावरून.

त्याचा सर्वांत गाजलेला फटका मंगोलियात बसला. १९२३ मध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमेला गोबी वाळवंटात लांबट अंड्यांची घरटी मिळाली. परिसरात प्रोटोसेराटॉप्स या वनस्पतीभक्षक डायनोसॉरची हाडे मुबलक होती, म्हणून अंडीही त्याचीच ठरली. एका घरट्यावर दुसऱ्याच प्राण्याचा सांगाडा होता. तो अंडी पळवायला आला असणार, असे गृहीत धरून १९२४ मध्ये त्याचे नाव ठेवले ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. हा कलंक सत्तर वर्षे टिकला. १९९३ मध्ये त्याच जातीच्या अंड्यात ओव्हिरॅप्टरच्या कुळातला गर्भ सापडला आणि मग अंड्यांवर हातपाय पसरून बसलेले सांगाडेही मिळाले. ती घरटी त्यांचीच होती.

मग प्रोटोसेराटॉप्सची अंडी गेली कुठे? २०२० मध्ये गर्भांभोवतीच्या काळसर थराची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यांना कठीण टरफल नव्हतेच असे दिसले. अंडी चामड्यासारखी मऊ होती. त्याहून खूप आधीच्या मुसॉरस या डायनोसॉरची अंडीही तशीच निघाली. मऊ अंडे जीवाश्म म्हणून क्वचितच टिकते, आणि ते वर बसून उबवणाऱ्याचे वजनही पेलत नाही. म्हणजे ते मातीत पुरावे लागले असणार. सुरुवातीच्या डायनोसॉरची अंडी इतकी दुर्मीळ का, याचे आतापर्यंतचे सर्वांत पटणारे उत्तर मला हेच वाटते.

जिथे कठीण टरफल आहे, तिथे मात्र ते बरेच काही सांगते. गर्भ टरफलाच्या छिद्रांतून श्वास घेतो आणि त्याच छिद्रांतून अंड्यातले पाणी बाहेर जाते. पुरलेल्या अंड्याभोवती हवा दमट आणि ऑक्सिजन कमी, म्हणून त्याला छिद्रे जास्त लागतात. उघड्यावरचे अंडे तितक्या छिद्रांनी सुकून जाईल. या हिशेबाने टायटॅनोसॉर, म्हणजे लांब मानेचे अवाढव्य डायनोसॉर, अंडी पुरत होते, तर पक्ष्यांच्या जवळचे डायनोसॉर ती निदान अर्धवट उघडी ठेवत होते.

मादीच्या शरीरात अंडे कसे घडत होते, याचा पुरावा २००५ मध्ये चीनमधल्या एका सांगाड्याने दिला. ओव्हिरॅप्टरच्या नात्यातल्या या मादीच्या कटिभागात टरफलासह नेमकी दोन अंडी होती. मगरीच्या दोन्ही अंडवाहिन्या, म्हणजे अंडे जिथे घडते त्या नळ्या, काम करतात आणि अंडी एकाच वेळी अनेक तयार होतात. बहुतेक पक्ष्यांत एकच वाहिनी चालते आणि अंडे एका वेळी एकच. ही मादी दोघांच्या मधली होती: वाहिन्या दोन, पण प्रत्येकीत एका वेळी एकच अंडे. घरट्यांत अंडी जोडीजोडीने का दिसतात, हेही त्यातून उलगडले. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात मिळालेले, २०२२ मध्ये जाहीर झालेले टायटॅनोसॉरचे अंड्यातले अंडेही याच चर्चेत येते, कारण तसा दोष एरवी पक्ष्यांत आढळतो.

सर्वांत जुना वाद रक्ताचा: डायनोसॉर उष्ण रक्ताचे की थंड? टरफलातल्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कार्बन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिके (त्याच मूलद्रव्यांचे जास्त वजनाचे अणू) एकमेकांना किती प्रमाणात जोडली जातात, हे ते घडतानाच्या तापमानावर अवलंबून असते. टरफल मादीच्या पोटात घडते, म्हणून मिळणारा आकडा तिच्या शरीराचा असतो, उबवणीचा नाही. २०१५ मध्ये अर्जेंटिनातल्या टायटॅनोसॉरसाठी तो सुमारे ३८ अंश सेल्सिअस आला, तर मंगोलियातल्या ओव्हिरॅप्टर-कुळासाठी सुमारे ३२. दुसरा आकडा आजच्या पक्ष्यांपेक्षा कमी, पण तेव्हाच्या जमिनीच्या तापमानापेक्षा जास्त. ‘उष्ण की थंड’ हा प्रश्नच मुळात ढोबळ होता, असे म्हणावे लागते.

२०२३ मध्ये ट्रूडॉन या पक्ष्यांच्या जवळच्या डायनोसॉरच्या टरफलांवरून हे आणखी गुंतागुंतीचे झाले. त्याचे शरीर पक्ष्यांइतके, अगदी ४२ अंशांपर्यंत तापू शकत होते, आणि ३० अंशांच्या आसपास उतरूही शकत होते. टरफल मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांसारखे सावकाश घडत होते. या गतीने एका मादीला एका विणीत चार ते सहाच अंडी घालता आली असती, असा संशोधकांचा अंदाज आहे. ट्रूडॉनच्या घरट्यांत तर चोवीसपर्यंत अंडी सापडली आहेत; तेव्हा अनेक माद्या एकाच घरट्यात अंडी घालत असाव्यात, असे ते सुचवतात.