हसूरचंपूचं विमान, उद्यमनगरात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमागच्या, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या दुकानामागच्या खोलीत सध्या आम्ही एका विमानाचं उडणारं मॉडेल बांधतोय. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २.६८ मीटर, नाकापासून शेपटीपर्यंत १.८८ मीटर. बघायला येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "स्पिटफायर का?" ते महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान हे नाही म्हटलं की पुढचा अंदाज टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाचा. तेही नाही म्हटलं की उत्साह जरा ओसरतो. आणि एचटी-२ हे नाव सांगितल्यावर अस्सल कोल्हापुरी उत्तर येतं, "असंल बाबा." हे टिपण त्या "असंल बाबा"वर आहे.

एचटी-२ म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर-२. हवाई दलात नव्याने भरती झालेल्या मुलांना उडायला शिकवण्यासाठीचं, पुढेमागे दोन बैठकांचं, खालच्या पंखाचं, संपूर्ण धातूचं विमान. ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळुरात कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी त्याचं पहिलं उड्डाण केलं. भारतात आरेखन होऊन भारतातल्याच कारखान्यात मालिकेने तयार झालेलं हे पहिलं विमान. ज्यांच्या ड्रॉइंग बोर्डवर ते जन्मलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या जिल्ह्यातले, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. स्पिटफायर ओळखणाऱ्या कोल्हापुरात हे किती जणांना माहीत आहे, याची मोजदाद न केलेलीच बरी. मलाही चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. हसूरचंपू ते जर्मनीतलं ग्योटिंगेन हा प्रवास त्या काळात जेवढा लांबचा होता, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे त्यांना लाभलेले गुरू. लुडविग प्रांटल. आधुनिक वायुगतिकीचा पाया ज्यांनी घातला असं जग मानतं, ते हे गृहस्थ. १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत त्यांनी एक छोटासा निबंध वाचला. हवा पंखावरून वाहते तेव्हा पृष्ठभागाला अगदी लगटून असलेल्या पातळ थरात चिकटपणाचा सगळा खेळ चालतो आणि त्या थराबाहेर तो जवळजवळ विसरला तरी चालतो, असा त्याचा मथितार्थ. विमान का उडतं आणि कधी कोसळतं, या दोन्हींची किल्ली त्या थरात होती. १९३६ मध्ये घाटगे यांनी प्रांटल यांच्याकडेच डॉक्टरेट पूर्ण केली. हा पातळ थर आमच्या मॉडेललाही पुढे आडवा येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

ते परत आले तेव्हा भारतात विमानाचा कारखानाच नव्हता. तो उभारला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने, बंगळुरात. हिंदुस्थान एअरक्राफ्ट हे तेव्हाचं नाव. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आजचं एचएएल, हे १९६४ नंतरचं. युद्धाचा काळ होता. अमेरिकेतून आलेल्या सुट्या भागांची जोडणी करायची, पुढे अमेरिकी हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करायची, हा कारखान्याचा मुख्य धंदा. दुसऱ्याची विमानं उघडायची आणि पुन्हा मिटवायची. या धबडग्यात घाटगे यांनी १९४१ मध्ये दहा आसनांचं ग्लायडर आरेखित करून बांधून घेतलं. शिवाय भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्या शिकवायला सुरुवात केली. शिकवण्यामुळे हाताखाली माणसं तयार झाली. माझ्या मते, एचटी-२ चा खरा कच्चा माल ही माणसं होती, अॅल्युमिनियम नव्हे.

स्वातंत्र्यानंतर हवाई दल टायगर मॉथवर शिकत होतं. १९३१ चं दुपंखी विमान, म्हणजे एकावर एक दोन पंख, लाकूड, कापड आणि ताणलेल्या तारा. गोड यंत्र, पण ज्याला पुढे धातूचं एकपंखी लढाऊ विमान चालवायचं आहे त्याला दुपंखीवर किती काळ घोळवणार? एचटी-२ हे त्याचं उत्तर होतं. पहिल्या नमुन्याला जिप्सी मेजर इंजिन होतं; १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्याला १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर बसवलं आणि तेच पुढे कायम झालं. दीडशेहून अधिक विमानं तयार झाली. घानाच्या नव्या हवाई दलानेही ती घेतली. आपल्याकडे बीदरच्या शाळेत १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मुलं त्यांच्यावर शिकत होती. युद्धात याने काही पाडलं नाही, म्हणून याच्यावर कुणी पोवाडा रचला नाही. नॅट या लढाऊ जेटला तो मान मिळाला आणि तो रास्तच आहे. पण १९६५ आणि १९७१ मध्ये लढलेल्या कित्येक वैमानिकांचे पहिले तास याच विमानात गेले. घाटगे पुढे पुष्पक, कृषक आणि किरण जेटपर्यंत गेले, १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९१ मध्ये ते वारले.

आता मॉडेलांकडे. विमानाची छोटी प्रतिकृती हा पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना १:७२ या प्रमाणाची गोष्ट सांगावी लागते. दुसऱ्या महायुद्धात वर दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे क्षणात ओळखायला सैनिकांना शिकवायचं होतं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडे पाच लाख लाकडी विमानांची मागणी नोंदवली. प्रमाण ठरलं एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजेच १:७२. युद्ध संपलं, पण ते प्रमाण प्लास्टिकच्या किटांमध्ये जे घुसलं ते आजही निघालेलं नाही.

मोठ्या, उडणाऱ्या मॉडेलांचा जमाना त्यानंतरचा. १९७० च्या दशकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की झाडं तोडायच्या करवतीचं पेट्रोल इंजिन हलकं आहे, स्वस्त आहे आणि दिवसभर चालतं. त्याला पंखा लावला तर? तोवर मॉडेलवाले महागडं मिथेनॉल जाळणाऱ्या छोट्या इंजिनांत अडकले होते. करवतीच्या इंजिनाने ती कोंडी फोडली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेने मोठ्या मॉडेलची किमान मर्यादाही ठरवून टाकली. एकपंखी असेल तर पंख ८० इंच, दुपंखी असेल तर ६०. आमचं १०५ इंचांच्या पुढे जातं.

एक चतुर्थांश प्रमाण मात्र आम्हाला चुकून सापडलं. सुरुवातीला सगळ्यांना एक तृतीयांश हवं होतं, कारण ऐकायला भारी वाटतं. पंखाच्या फासळ्या प्लायमध्ये कापूनही झाल्या. मग कुणीतरी वजनाचा हिशोब मांडला आणि सगळे गप्प झाले. लांबी तिसऱ्या हिश्श्यावर आली तर वजन सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतं. खऱ्या विमानाचं उड्डाणवजन कमाल १,०१६ किलो, म्हणजे मॉडेल साडेसदतीस किलोचं. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठी, शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे आणि तिची मर्यादा २५ किलो आहे. चतुर्थांशाला भागाकार चौसष्टने होतो. सोळा किलोला थोडं कमी. एवढं वजन दोघांना उचलता येतं, कायद्यात बसतं आणि ५० ते ६० सीसीचं इंजिन ते आरामात ओढतं. तृतीयांशाच्या फासळ्या अजून कोपऱ्यात उभ्या आहेत. एकीवर चहाचे कप ठेवतो.

आता प्रांटल यांचा तो थर. विमान चारपट लहान केलं, पण हवेला लहान कोण करणार? ती तेवढीच चिकट, तेवढीच दाट राहते. पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी गुणिले वेग यावर तो थर कसा वागणार हे ठरतं, आणि याचा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स क्रमांक. चतुर्थांश मॉडेलमध्ये रुंदी चौथा हिस्सा आणि शोभेल असा वेग निम्मा. म्हणजे क्रमांक थेट एक अष्टमांश. ढोबळ हिशोबाने खऱ्या विमानाचा पन्नास लाख असेल, तर आमचा सहा लाखांच्या आसपास. लहान क्रमांकावर हवा पंखावरून लवकर सुटते, विशेषतः टोकांकडे, आणि विमान वळणात एका अंगावर पडतं. त्यामुळे जाणकार लोक पंखाची टोकं दोनेक अंशांनी खाली पिळतात, शेपटीचा आडवा पंख किंचित मोठा करतात. हुबेहूबपणाचे भक्त यावर नाराज होतात. माझं मत सरळ आहे. घाटगे सरांचा मान राखायचा तर त्यांच्या गुरूंचं ऐकावं आणि टोकं पिळावीत.

हे सगळं कोल्हापुरातच का सुचलं, याचं उत्तर या खोलीच्या पुढच्या भागात आहे. तिथे सागवानात पॅटर्न बनतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून किंचित मोठा. ड्रॉइंगमधला आकार आणि हातातला आकार वेगळा असतो, हे या माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे. प्रमाणाचा विचार त्याला शिकवावा लागत नाही, आपल्यालाच त्याच्याकडून शिकावा लागतो. शिवाय या गावाला बघून, उघडून, स्वतः बांधायची जुनी खोड आहे. परदेशी कॅमेरा परवडेना आणि मिळेना तेव्हा बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री होतं, हे मला नेहमी सूचक वाटतं. विमानाचंही अगदीच वावडं नव्हतं. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्येच उजळाईवाडीला विमानतळ केला होता.

त्याच विमानतळामुळे आज एक अडचण आहे. त्याच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच, आणि आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांच्या वर, परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, म्हणजे जिथे हात आणि यंत्रं आहेत ती बहुतेक ठिकाणं या वर्तुळात येतात. बांधायचं इथे आणि उडवायला लांबचा माळ शोधायचा. म्हणून पंख तीन तुकड्यांत आहे. मधला तुकडा चाकांसकट धडाला, बाजूचे दोन अॅल्युमिनियमच्या नळीवर सरकून बसतात. छोट्या टेम्पोच्या हौद्यात सगळं मावतं.

खऱ्या विमानाची कातडी अॅल्युमिनियमची, आमची बाल्सा या अतिहलक्या लाकडाच्या पत्र्याची. बाल्सा सागवानाच्या चौथा हिस्सासुद्धा जड नाही, पण त्यावर नख उमटतं. त्यामुळे वर पातळ काचकापड आणि इपॉक्सी, आणि जिथे धातू दिसायलाच हवा तिथे छापखान्यातल्या जुन्या ऑफसेट प्लेट. कोल्हापुरात छापखान्यांना तोटा नाही, प्लेटा किलोच्या भावाने मिळतात. प्लेटवर साबण घासायचा, मागून ज्योत द्यायची, साबण काळा पडला की थांबायचं. मग पत्रा कापडासारखा वळतो. रिवेटची डोकी म्हणजे सिरिंजमधून ठेवलेले गोंदाचे थेंब. नाकाचं काम मात्र अजून डोकं खातंय. सिरस मेजरची चारही सिलिंडर एका रांगेत, उलटी लटकलेली, त्यामुळे खऱ्या विमानाचं नाक अरुंद आणि सुबक. आमच्या एकाच सिलिंडरचं डोकं त्यातून बाहेर येतं आणि त्याला वारा पोचवायचा तर आतून पत्र्याच्या भिंती घालून हवा वळवावी लागते.

या विमानाचं तयार किट आम्हाला कुठे मिळालं नाही. तीन बाजूंची जुनी रेखाटनं, प्रसिद्ध झालेली मापं आणि काळेपांढरे फोटो, एवढ्यावर इथवर आलोय. आता अडलंय ते पंखाच्या मुळाशी असलेल्या वळणदार पत्र्यापाशी आणि रिवेटांच्या अंतरापाशी, कारण फोटोत दोन्ही सावलीत आहेत. बंगळुरात एचएएलच्या संग्रहालयात एक एचटी-२ उभं आहे. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या बसने तिघे जण निघतोय, पॅटर्नवाले मिस्त्री धरून. काय काय घ्यायचं त्याची यादी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवलं. "पट्टी साधी घ्या," म्हणाले, "माझी घेतलीसा तर विमान एक टक्का वाढंल."