पार्श्वभूमी : क्रीडांगण की क्रीडा संकुल?

चाकणच्या पट्ट्यातल्या, खेड तालुक्यातल्या एका वाढत्या गावात ग्रामसभेच्या एका ठरावावरून क्रीडा संकुलाचा वाद पेटला आहे. एमआयडीसी आली, पाठोपाठ सोसायट्या आल्या, शाळेच्या वर्गाला तुकड्या वाढल्या, हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. संकुलासाठी ज्या जागेकडे बोट दाखवले जाते, तिच्याबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे.

ही जागा म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचे गायरान. जुनी माणसे त्याला अजून ‘घाट’च, म्हणजे बैलगाडा शर्यतीची जागाच, म्हणतात. जत्रेला इथे बैलगाडे पळत. पुढे घोडी, मागे बैल, उताराच्या टोकाला घड्याळ हातात धरून बसलेला पंच आणि प्रत्येक बारीनंतर, म्हणजे गाड्याच्या धावेनंतर, धुरळ्यात उडणारा भंडारा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली आणि घाट ओस पडला. कडेने बाभळी वाढल्या. मधल्या सपाटीवर पोरांनी दगडांचे स्टंप रचून क्रिकेट सुरू केले. सोसायट्यांमध्ये राहायला आलेल्यांनी जागा पाहिली ती या रूपात, त्यामुळे ‘एवढी मोकळी जागा पडून आहे’ असे त्यांना वाटले तर त्यांची चूक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठानेही त्यावर शिक्कामोर्तब केले आणि गाडामालक पुन्हा घाटाची डागडुजी करू लागले. त्याच सुमारास संकुलाची मागणी पुढे आली.

गायरान ‘गावाचे’ असे आपण सर्रास म्हणतो. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचे नाव असते. ग्रामपंचायतीकडे असते ती देखभाल. गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिलेल्या जगपाल सिंग निकालानंतर गावठाणाबाहेरच्या अशा सामाईक जमिनींबाबत राज्य सरकारने त्याच वर्षी १२ जुलैला निर्णय काढला. पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आले आणि गुरचरण, म्हणजे गायरान, दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधने आली. सार्वजनिक प्रयोजनाची वाट उघडी आहे, पण ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून जात नाही. चावडीवरच्या भाषणांत ही गोष्ट दोन्ही बाजू गाळतात.

आता वादातला तो ठराव. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान उपस्थिती, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हा विषय ज्या सभेपुढे होता, तिला तेवढी माणसे जमली नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मात्र विषय मूळ पत्रिकेवरचेच घ्यायचे असतात. पत्रिकेवर शब्द होता ‘क्रीडांगण’. कामाच्या दिवशी भरदुपारी झालेल्या तहकूब सभेनंतर इतिवृत्तात आला ‘क्रीडा संकुल’. समर्थक म्हणतात, दोन्ही एकच, मैदानावर छप्पर आले म्हणून काय बिघडले? सरकारी भाषेत ते एकच नाही. क्रीडांगण विकासाच्या अनुदानात जमीन सपाट करणे, कुंपण, २०० किंवा ४०० मीटरची धावपट्टी अशी कामे येतात. संकुलाची योजना विभाग, जिल्हा आणि तालुका अशी वरून खाली येते, गाव तिच्या रांगेतच नाही. म्हणजे संकुल म्हटले की पैसा दुसरीकडून आणायचा. तो सोसायट्यांच्या बिल्डरकडून येणार, अशी कुजबुज त्या एका शब्दावरूनच सुरू झाली.

शब्दाने जमिनीचा हिशेबही बदलतो. ४०० मीटरच्या पूर्ण धावपट्टीला साधारण चार एकर लागतात. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, कबड्डीचे मैदान १३ बाय १०. छपराखाली चार कोर्ट आणि जिम बसवली तर घाट वाचतो, पण धावणाऱ्या पोरींना आजच्यासारखेच पहाटे हायवेच्या कडेने पळावे लागेल. भरतीची तयारी करणाऱ्या या मुली सभेत कुणालाच आठवल्या नाहीत. निदान इतिवृत्तात तरी त्यांचा उल्लेख नाही.

दुसरा गुंता मतदारयादीचा. सोसायट्यांतल्या बऱ्याच जणांचे मत अजून मूळ गावी आहे. घरपट्टी इथे भरतात, पण ग्रामसभेत हात वर करता येत नाही. ‘आधी नाव नोंदवा, मग बोला’ हे गावकीचे उत्तर नियमाला धरून आहे, हे मान्य करायला हवे. मात्र यादीत नाव असलेले किती जण त्या दुपारी आले होते, हेही त्याच दमात विचारायला हवे.

सध्या इतिवृत्ताच्या नकलेसाठी अर्ज पडले आहेत आणि ‘संकुल’ हा शब्द दुरुस्त करावा म्हणून पुढच्या सभेसाठी विषय दिला आहे. घाटावर मोजणीचे दगड रोवले आहेत. त्यांतला एक पोरांनी उपटून स्टंप केला आहे.