बाटलीतल्या बिअरला आधी ऊब, मग फ्रीज

"बाटल्या भरल्या की लगेच फ्रीजमध्ये टाका, नाहीतर फुटतील." घरी बिअर करणाऱ्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण गाडी उलटी आहे.

बाटलीतला वायू तयार करतं यीस्ट, भरताना घातलेली साखर खाऊन. एल बिअरचं (म्हणजे उबेत आंबवतात त्या बिअरचं) यीस्ट फ्रीजच्या 4 अंशांत जवळजवळ झोपीच जातं. साखर तशीच पडून राहते. महिन्याने झाकण उघडा, साधा 'फस्स' आवाजही येत नाही. ग्लासात पडतं ते गोडसर, मेलेलं पेय. यीस्टला 20 ते 24 अंश सेल्सिअसची ऊब आणि साधारण दोन आठवडे द्या. बिअर कडक असेल तर आणखी थोडे.

आता फुटण्याची भीती. वायू एकूण किती होणार हे साखर ठरवते, उबेने फक्त वेग बदलतो. एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. 18 अंशांत काय नि 24 अंशांत काय. बाटल्या फुटतात त्या बहुधा साखर जास्त पडल्याने, आंबणं पुरतं संपण्याआधी भरल्याने, नाहीतर नको ते जंतू शिरल्याने. यातलं काहीच फ्रीज बरं करत नाही, फक्त पुढे ढकलतो.

मी एक बाटली मुद्दाम प्लास्टिकची भरतो. दाबून पाहायची, दगडासारखी कडक लागली की बाकीच्यांना फ्रीजमध्ये जागा करायची. तिथे दोन दिवस राहिल्या की वायू बिअरमध्ये नीट मुरतो.