उठावाच्या विणीचा क्रोशे वॉशक्लॉथ

उठावाच्या विणीचा क्रोशे वॉशक्लॉथ म्हणजे तोंड-हात पुसायला, अंग घासायला किंवा भांडी धुवायला वापरायचं, सुती दोऱ्याचं, टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने विणलेलं चौकोनी फडकं, ज्याचा पृष्ठभाग सपाट न ठेवता मुद्दाम खडबडीत केलेला असतो. त्यात कुठे गोळे येतात, कुठे खड्डे, कुठे नुसत्या रेघा. बाजू साधारण २० ते २५ सेंटिमीटर. तोंडासाठी आणि भांड्यांसाठी एकाच पॅटर्नची दोन फडकी चालतात, फरक पडतो तो दोऱ्यात आणि विणीच्या घट्टपणात. उठाव ही निव्वळ शोभेची गोष्ट असल्यासारखं बरेचदा लिहिलेलं असतं, ते अर्धंच खरं आहे, कारण फडक्याचं घासायचं काम तो उठावच करतो आणि कुठली वीण निवडली यावर ते पाणी किती धरेल, किती वेळात वाळेल हे ठरतं.

क्रोशे शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. मराठीत क्रोशा, क्रोशे, क्रोशिया तिन्ही चालतं, आणि हत्याराला टोकाला भोक नसूनही सगळे सुईच म्हणतात.

या कलेचं मूळ कुठलं हा वाद जुना आहे आणि अजून पूर्ण मिटलेला नाही. डॅनिश संशोधिका लिस पालुडान यांनी तीन मतं एकत्र मांडली. एक, क्रोशे अरबस्तानात सुरू झालं आणि व्यापारी वाटांनी पूर्वेला तिबेटकडे, पश्चिमेला स्पेनकडे गेलं. दुसरं, ते दक्षिण अमेरिकेतलं, तिथल्या एका जमातीत वयात येण्याच्या विधीत क्रोशाचे दागिने वापरायचे असं सांगतात. तिसरं चीनचं, तिथल्या जुन्या बाहुल्या क्रोशाने केलेल्या होत्या म्हणून. तिन्ही मतं ऐकायला छान आहेत पण पालुडान यांचं स्वतःचं म्हणणं असं की युरोपात १८०० च्या आधी क्रोशे होतं याचा पटण्यासारखा पुरावा सापडत नाही, आणि सध्या तरी हेच मत धरून चालणं जास्त सुरक्षित वाटतं. १६ व्या शतकात युरोपात क्रोशाची लेस होती असंही ठामपणे लिहिलेलं आढळतं, पण जुनी लेस सुईची, बॉबिनची की क्रोशाची हे चित्रावरून ओळखणं अवघड असतं, त्यामुळे ते मत जरा बाजूला ठेवलेलं बरं.

मग १८०० च्या सुमाराला हे आलं कुठून, तर बहुतेकांचा कल टॅम्बूर भरतकामाकडे आहे. टॅम्बूर म्हणजे ढोल. ढोलासारखं कापड गोल चौकटीत ताणायचं, खाली दोरा धरायचा आणि आकड्याच्या बारीक सुईने तो वर ओढून साखळी टाका घालत जायचं. हे काम पूर्वेकडून १८ व्या शतकात युरोपात पोचलं. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार की कापड काढून घेतलं तरी साखळी हवेत तशीच उभी राहते, आणि ते झालं क्रोशे. पटण्यासारखं आहे, पण यातून फक्त साखळीचा उलगडा होतो, जाड उठावाच्या कापडाचा होत नाही.

तिथे दुसरा धागा कामाला येतो, तो म्हणजे मेंढपाळी विणकाम. स्कॉटलंडच्या एलिझाबेथ ग्रँट यांच्या आठवणींमध्ये १८१२ च्या संदर्भात त्याचा उल्लेख आहे. हे सगळं स्लिप स्टिचचं काम, म्हणजे आकडा घातला, दोरा ओढला, सरळ सुईवरच्या फंद्यातून (दोऱ्याच्या वेढ्यातून) बाहेर काढला की टाका संपला. टाक्याच्या डोक्यावर दोन फंदे असतात, असे टाके त्यातल्या फक्त मागच्या फंद्यातून घेत गेलं की पुढचे फंदे मोकळे राहून आडव्या कंगोऱ्यांचं घट्ट, ऊबदार कापड तयार होतं. म्हणजे आधी सपाट वीण होती आणि नंतर कुणीतरी सजावट म्हणून उठाव आणला, हा क्रम जो आपण डोक्यात धरतो तो बहुधा तसा नाही, उठाव सुरुवातीपासूनच होता. छापील नमुन्यांमध्ये सगळ्यात जुना म्हणून पेनेलोपे या डच मासिकाचा १८२३ चा दाखला देतात, पण त्यात रेशमी बटवे आहेत, फडकी नाहीत. उंच गोळ्यांची आवड पुढे आयरिश क्रोशात दिसते. १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळात अनेक आयरिश कुटुंबांनी या कामावर दिवस काढले आणि त्यातली फुलं-पानं कापडापासून चांगली वर उठलेली असायची.

एक घोळ इथेच काढून टाकू. इजिप्तमध्ये सापडलेले जुने मोजे वगैरे दाखवून क्रोशे हजार-दीड हजार वर्षांचं आहे असं म्हणतात, पण ते नालबाइंडिंग आहे. त्यात भोकाच्या सुईत तुकड्या-तुकड्याने दोरा ओवून पूर्ण दोरा प्रत्येक फंद्यातून ओढून काढतात. घरी करायची सोपी परीक्षा म्हणजे टोक सोडा आणि ओढा. क्रोशे भराभर उसवत जातं, ओळीच्या ओळी, दोन मिनिटांत संध्याकाळभराचं काम पुन्हा गुंडाळी होऊन हातात. नालबाइंडिंग असं उसवत नाही.

नावांचा गोंधळ मूळच्या वादापेक्षा रोजच्या कामात जास्त त्रास देतो. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात (आपल्याकडे काही जणी मुका खांब म्हणतात) ते ब्रिटनमध्ये डबल, आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला साधा खांब तो ब्रिटनमध्ये ट्रेबल. पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल शब्द दिसला तर तो अमेरिकन समजायचा कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच वापरत नाहीत. या नोंदीत सगळीकडे अमेरिकन नावं धरली आहेत. विणींच्या नावांचं तर विचारू नका. सिंगल आणि साखळी आलटून पालटून घालायची जी वीण आहे तिला कोणी मॉस म्हणतं, कोणी लिनन, कोणी ग्रॅनाइट. लेमन पील आणि सीड बहुतेक ठिकाणी एकच. बॉबल, पॉपकॉर्न आणि पफ ही नावं तर अदलाबदल करून बिनधास्त वापरतात. त्यामुळे नावावर न जाता आकडा कुठे घातला आणि दोरा किती वेळा ओढला एवढं वाचायचं.

तसं वाचलं की लक्षात येतं की विणी शेकडो असल्या तरी उठाव आणायच्या युक्त्या मुळात तीनच आहेत, बाकी सगळं त्यांचं मिश्रण. पहिली, उंचीचा फरक. बुटक्या टाक्यांच्या ओळीत मध्येच उंच टाका घातला की त्याला सरळ उभं राहायला जागा नसते आणि तो दुमडून बाहेर येतो. लेमन पील यावरच चालते, एक सिंगल (बुटका) एक डबल (उंच), पुढच्या ओळीत सिंगलच्या डोक्यावर डबल आणि डबलच्या डोक्यावर सिंगल, बस. नवीन शिकणाऱ्याला सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात चांगला खडबडीतपणा यातून मिळतो असं माझं मत आहे, आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात हा वरचा फायदा. दुसरी युक्ती गर्दीची, एकाच घरात, म्हणजे खालच्या ओळीतल्या एकाच टाक्यात, पाच-सहा टाके कोंबायचे. तिसरी, आकडा नेहमीच्या जागी म्हणजे डोक्यावरच्या दोन फंद्यांत न घालता दुसरीकडे घालायचा, फक्त मागच्या फंद्यात किंवा थेट खांबाच्या अंगाभोवती.

बॉबल, पॉपकॉर्न आणि पफ या गर्दीवाल्या तिघांमधला फरक हातात घेऊनच कळतो. बॉबलमध्ये एकाच घरात पाच डबल सुरू करायचे पण एकही पूर्ण करायचा नाही, प्रत्येकाचा शेवटचा फंदा सुईवर ठेवायचा, शेवटी सुईवर सहा फंदे होतात आणि एका ओढीत सगळे बंद करायचे. पॉपकॉर्नमध्ये उलट, पाचही डबल पूर्ण करायचे, सुई फंद्यातून काढून घ्यायची (इथे हात थरथरतो, फंदा निसटला तर परत पकडायला वेळ जातो), पहिल्या डबलच्या डोक्यात घालायची, सोडलेला फंदा तिथून ओढून घ्यायचा की पाच खांबांची रांग कंबर मोडल्यासारखी वाकून पुढे फुगते. पफमध्ये खांबच नाहीत, नुसते लांब ओढलेले फंदे एकत्र बांधलेले, म्हणून तो मऊ. बॉबल नेहमी उलट्या बाजूच्या ओळीत घालायचा, तो आपल्यापासून दूर म्हणजे सुलट बाजूला उठतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूला सिंगल हवेत, डबल असले तर तो चपटा पडतो. फडक्यासाठी म्हणाल तर बॉबल घासायला चांगला, पफ दिसायला गोड पण आत पाणी धरून बसतो आणि वाळायला सगळ्यात जास्त वेळ लावतो, आणि ओलं राहणारं फडकं म्हणजे वास आलाच.

वॉफल वीण ही तिसऱ्या युक्तीची, आणि वॉशक्लॉथसाठी सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या विणींपैकी एक. टाके असे घ्यायचे की ३ ने भागून २ उरतील, मध्यम जाडीच्या दोऱ्याला आणि ४ ते ५ मिलिमीटरच्या सुईला ३२ टाके ठीक होतात. पहिली ओळ नुसते डबल. दुसऱ्या ओळीत, जी सुलट बाजू, काठाचा एक आणि त्यानंतरचा एक असे दोन साधे डबल, मग एक पुढून खांबाभोवती, म्हणजे आकडा खालच्या खांबाच्या उजवीकडून मागे नेऊन डावीकडून पुढे काढायचा, पूर्ण खांब कवेत घ्यायचा, मग परत दोन साधे, एक खांबाभोवती, असं शेवटपर्यंत, शेवट दोन साध्यांनी. तिसऱ्या ओळीत काम उलटं फिरवल्यावर दोन्ही काठांचा एकेक टाका साधाच, आतले जे साधे होते त्यांच्याभोवती पुढून, आणि जो खांबाभोवतीचा होता त्याच्या डोक्यावर साधा. या दोन ओळी आलटून पालटून. उलट बाजूने कवेत घेतलेल्या टाक्यांची डोकी सुलट बाजूला ढकलली जातात, त्यांची आडवी रेघ बनते, खांबाभोवतीच्यांची उभी, आणि मध्ये चौकोनी खड्डा. चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत काही दिसत नाही, नुसता गुंता वाटतो, त्यामुळे बरेच जण चुकलं समजून तिथेच उसवतात. थोडं पुढे गेल्यावर बोट फिरवलं की खड्डे लागतात. दोरा साध्या विणीपेक्षा बराच जास्त जातो, एक टाका दुसऱ्याच्या अंगावर चढत असल्यामुळे उंची कमी भरते, म्हणून ओळी मोजून नाही तर फडकं कोपऱ्यातून तिरकं दुमडून चौकोन झालाय का ते बघायचं.

दोरा सुतीच. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतो, अ‍ॅक्रिलिक २ टक्क्यांच्या आसपास, शिवाय ओला झाल्यावर कापसाचा धागा कमकुवत न होता उलट थोडा मजबूत होतो, फडक्याला अजून काय पाहिजे. गरम भांड्याशी संबंध येणार असेल तर अ‍ॅक्रिलिक नकोच, ते वितळतं. वाद आहे तो मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून चमकदार केलेल्या सुताबद्दल. जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमाराला ही प्रक्रिया शोधली आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं, चमक मात्र नंतर आली, १८९० च्या आसपास होरेस लो यांनी धागा ताणून धरून प्रक्रिया केली तेव्हा. विणणाऱ्यांचं सर्रास म्हणणं असं की मर्सराइज्ड दोरा पाणी शोषत नाही. रसायनाच्या बाजूने बघितलं तर हे उलटं आहे, प्रक्रियेनंतर तंतूची ओलावा आणि रंग धरायची क्षमता वाढते. पण विणणारेही हवेत बोलत नाहीत, असा दोरा सहसा घट्ट पिळाचा असतो आणि वरची लव जाळून गुळगुळीत केलेला असतो, त्यामुळे थेंब पटकन आत शिरत नाही. म्हणजे दोष द्यायचाच तर पिळाला द्यावा, सोड्याला नाही. फडक्याला साधा, सैल पिळाचा, चमक नसलेला दोराच बरा, तीन-चार धुण्यांनंतर तो आणखी मऊ पडतो. सूत धुतल्यावर आवळतं, त्यामुळे मापाला एखादा सेंटिमीटर जास्त धरलेला चांगला.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या काठाला. ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या टाका म्हणून मोजायच्या की नाही हे ठरवून तेच शेवटपर्यंत पाळायचं, नाहीतर दर ओळीला एक टाका गळतो. माझं पहिलं फडकं ३२ वर सुरू होऊन १९ वर संपलं होतं, ते आजही समलंब चौकोन आहे आणि डबे पुसायला वापरात आहे. दर ओळीच्या शेवटच्या टाक्यात एक रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला की हे टळतं. वर सिंगलची किनार फिरवली की काठ सावरतो, कोपऱ्यात एकाच घरात तीन सिंगल घालायचे, नाहीतर कोपरे आत वळतात. एका कोपऱ्यात १२-१५ साखळ्यांचा फास ठेवला तर टांगायची सोय होते. सूत गुळगुळीत असल्यामुळे टोकं एकाच दिशेने ओवली तर दोन-तीन धुण्यांत बाहेर येतात, त्यामुळे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे आणि परत उजवीकडे ओवायची, आणि मगच कापायची.