गव्हाच्या बियाण्याला भूसुधारक लावताना

भूसुधारक म्हणजे जमीन सुधारण्यासाठीचे औषध; आम्ही विकतो तो ह्युमिकचा, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातल्या घटकांचा. तो बियाण्याला लावला म्हणजे जमीन सुधारली, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. एका हेक्टरातली वरची 15 सेंटिमीटर माती सुमारे 20 लाख किलो भरते. बियाण्याबरोबर त्यात जाणारे आमचे औषध फार तर काही शे ग्रॅम. तेवढ्याने चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) जमीन भुसभुशीत होत नाही, सामूही (पीएच) उतरत नाही. त्या कामाला जिप्सम, शेणखत, कंपोस्ट हेच लागते, आणि तेही टनांनी.

मग बियाण्याला लावायचे कशाला? कोवळ्या मुळासाठी. दाणा रुजताना पहिले मूळ ज्या चिमूटभर मातीत शिरते, तिथे ह्युमिक घटक आयते हजर असतात. मुळांची वाढ आणि तंतुमुळे जोर धरतात, ओल व स्फुरद उचलणे सोपे जाते. पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळे) फुटतात, त्याच सुमारास फुटवेही (बुडातून निघणाऱ्या नव्या काड्या) येऊ लागतात. तोवर रोप जोमदार असेल तर फुटवे जास्त टिकतात. उत्पादनात फरक पडायचा तो इथून. हलक्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत तो दिसण्याची शक्यता जास्त. कसदार जमिनीत कदाचित डोळ्यांना जाणवणारही नाही.

लावण्याची रीत सोपी आहे, चुका होतात त्या पाण्यात. 100 किलो बियाण्याला सगळे मिळून एक लिटरच्या आसपास द्रावण पुरते. जास्त झाले की दाणा फुगतो, साल सुटते आणि पेरणीयंत्रात बी अडकते. ताडपत्रीवर बियाणे पसरून थोडे थोडे द्रावण शिंपडा, हलक्या हाताने खालीवर करा, सावलीत सुकवा. मात्रा पाकिटावरचीच घ्या. दुप्पट मात्रेने दुप्पट पीक येत नाही, उलट उगवण मार खाऊ शकते.

बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, मग भूसुधारक, आणि ॲझोटोबॅक्टरसारखे जिवाणू खत सर्वांत शेवटी, पेरणीच्या अगदी तोंडावर. जिवाणू उन्हात ठेवू नका. ह्युमिकचे द्रावण आम्लधर्मी औषधात मिसळू नका, साका तळाशी बसतो.

काणीबद्दल, म्हणजे ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी करणाऱ्या रोगाबद्दल, स्पष्ट सांगतो, कारण हा प्रश्न आम्हाला सारखा येतो. काणीची बुरशी दाण्याच्या गर्भातच दडलेली असते. भूसुधारक तिला काहीही करत नाही. त्यासाठी आंतरप्रवाही, म्हणजे दाण्याच्या आत शोषले जाणारे बुरशीनाशकच हवे. असे बुरशीनाशक लावलेले बियाणे उरले तर माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्यात जाऊ देऊ नका.

पहिल्या वर्षी एक पट्टा बिनप्रक्रियेचा जरूर ठेवा. पंधराव्या दिवशी दोन्हीकडची एक मीटर ओळीतली रोपे मोजा, पुढे फुटवे मोजा. फरक दिसला नाही, तर पुढच्या हंगामात आमचे पाकीट घेऊ नका.