वीज काढली म्हणून पाणी निकस होत नाही

"धरणावर वीज काढून घेतात, मग कालव्याला येतं ते निकस पाणी. त्यावर पीक धरत नाही." घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गोकाक-रायबाग भागात हे मी लहानपणापासून ऐकतोय. शंका येणं साहजिक आहे, पण पाण्यातून काहीच काढलं जात नाही. उंचावरून येणाऱ्या पाण्याचा रेटा टर्बाइनचं चाक फिरवतो, एवढंच. तेच पाणी सांडव्यावरून पडलं तरी तो रेटा खाली आपटून जिरतोच. विरघळलेले क्षार तसेच राहतात. गाळ मात्र धरणात बसतो, म्हणून पाणी नितळ दिसतं. त्याचा विजेशी संबंध नाही.

पडताळायचंय? दोन कुंड्या, एकच माती, मेथीचे मोजून 20-20 दाणे. एकीला जलाशयाचं पाणी, दुसरीला वीजघराखालचं, रोज सारखंच. 10 दिवसांनी रोपं मोजा, पट्टी लावून उंची बघा.