अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील खुणाचोरी आणि टेहळणी

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांत प्रशिक्षक मैदानाबाहेरून हातवारे, चित्रफलक किंवा आकडे यांच्या साहाय्याने आपल्या खेळाडूंना पुढची चाल कळवतात. प्रतिस्पर्धी संघाने या खुणांचा अर्थ लावून चाल आधीच ओळखणे म्हणजे खुणाचोरी. समोर उघड दिसणाऱ्या खुणा सामना चालू असताना पाहून ओळखण्यास राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) कधीही मनाई केलेली नाही. मनाई आहे ती या खुणांचे चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण करण्यास, आणि त्याच हंगामात पुढे ज्या संघाशी गाठ पडणार आहे त्याचा सामना दुसऱ्याच्या मैदानावर प्रत्यक्ष जाऊन पाहण्यास. या विषयातील बहुतेक वाद या सीमेवरचे आहेत. तिचे सर्वांत गाजलेले उल्लंघन मिशिगन विद्यापीठाच्या संघाने २०२१ ते २०२३ या काळात केले.

खुणांची गरज खेळाच्या वेगातून निर्माण झाली. दोन चालींच्या मध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला साधारणपणे ४० सेकंद मिळतात. पूर्वी खेळाडू घोळका करून उभे राहत आणि क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रचालन करणारा खेळाडू, त्यांना चाल सांगत असे. घोळका न करता लगेच पुढची चाल सुरू करण्याची पद्धत रूढ झाल्यावर मात्र मैदानभर पसरलेल्या अकराही जणांना दुरूनच आणि एकदम सूचना देणे भाग पडले. त्यामुळे सीमारेषेवर दोन-तीन सहायक एकाच वेळी हातवारे करताना दिसतात. त्यांतील एकाच्याच खुणा खऱ्या असतात, बाकीचे केवळ चकवण्यासाठी उभे असतात, आणि खरा कोण हे सामन्यागणिक, कधी कधी दर सत्राला बदलते. काही संघ चार-चार चित्रांचे मोठे फलक उंचावतात, तर काहींच्या खेळाडूंच्या मनगटावर सांकेतिक आकड्यांचा तक्ता बांधलेला असतो.

समोरच्या सीमारेषेवर बचावाच्या प्रशिक्षकाशेजारी एक सहायक हातात तक्ता घेऊन, नजर पलीकडच्या हातवाऱ्यांवर खिळवून उभा असतो. खूण ओळखू आली की तो फार तर ‘धाव’ किंवा ‘पास’ एवढेच सांगतो. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, कारण चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवायला बचावपटूंना पुढे यावे लागते आणि पास रोखायला मागे सरावे लागते, आणि ते पहिले पाऊल बरोबर दिशेला पडले की निम्मे काम होते. लेगस्पिनरच्या मनगटावरून गुगली ओळखणाऱ्या फलंदाजाला जसे कोणी लबाड म्हणत नाही, तसेच या सहायकाच्या नजरेचेही या खेळात कौतुकच होते. खुणा फुटल्या असतील तर त्या बदलणे ही ज्याची त्याची जबाबदारी मानली जाते. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण पुन्हा पुन्हा पाहून प्रतिस्पर्ध्याच्या खुणांचा अभ्यास करणेही नियमाला धरूनच आहे.

प्रत्यक्ष टेहळणीवरील बंदी १९९४ पासून लागू आहे. त्याआधी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना पाहायला सहायक प्रशिक्षक धाडणे ही सर्रास रीत होती. बंदीमागचे कारण प्रामुख्याने आर्थिक होते. श्रीमंत विद्यापीठे दर आठवड्याला माणसे विमानाने पाठवू शकत, लहान विद्यापीठांना तो खर्च झेपत नसे, आणि सामन्यांच्या चित्रफिती संघांना एकमेकांकडून मिळू लागल्याने प्रवासाची गरजही उरली नव्हती. नियम मोडल्याची तुरळक प्रकरणे पुढेही घडली. २०१५ मध्ये बेलर विद्यापीठाचा एक सहायक प्रशिक्षक आगामी प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाच्या सामन्यात सीमारेषेवर आढळला, तेव्हा त्याला अर्ध्या सामन्यापुरते निलंबित करण्यात आले. शिक्षेच्या या प्रमाणावरून नियमाकडे त्या वेळी किती हलकेपणाने पाहिले जात होते हे कळते.

मिशिगनचे प्रकरण १८ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाले. एनसीएए चौकशी करत असल्याचे त्या दिवशी विद्यापीठाला आणि ते ज्यात खेळते त्या ‘बिग टेन’ परिषदेला (विद्यापीठांच्या स्पर्धागटाला) कळवण्यात आले. आरोपांच्या केंद्रस्थानी कॉनर स्टॅलियन्स हे संघाचे कर्मचारी होते. नौदल अकादमीचे पदवीधर आणि मरीन दलातील माजी अधिकारी असलेल्या स्टॅलियन्स यांनी तीन हंगामांत प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची तिकिटे घेऊन ओळखीच्या माणसांना दिली होती. ही माणसे मध्यरेषेजवळच्या आसनांवर बसून खेळाऐवजी समोरच्या सीमारेषेवर फोन रोखत आणि हातवारे चित्रित करत. नंतर ते चित्रण प्रत्यक्ष चालींशी जुळवून कोणती खूण कोणत्या चालीची, याचा तक्ता तयार होत असे. पुष्कळ तिकिटे त्यांच्या स्वतःच्या नावावर घेतलेली होती, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक तिकीटविक्रीच्या नोंदींवरूनच माग काढता आला. १ सप्टेंबर २०२३ रोजी मिशिगन स्टेट आणि सेंट्रल मिशिगन या दुसऱ्या दोन विद्यापीठांत झालेल्या सामन्यात सेंट्रल मिशिगनच्या पोशाखात सीमारेषेवर उभी असलेली व्यक्ती स्टॅलियन्सच असल्याचे सांगणारी छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. ३ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणाला धार आली ती ओहायो स्टेटबरोबरच्या वैरामुळे. १८९७ मध्ये पहिल्यांदा झालेला या दोन विद्यापीठांचा सामना नोव्हेंबरच्या अखेरीस, नियमित हंगामाच्या शेवटी होतो, आणि दोन्ही राज्यांत वर्षभराचे यशापयश त्यावरच तोलले जाते. मिशिगनने २०२१ मध्ये ४२–२७ आणि २०२२ मध्ये ४५–२३ असे विजय मिळवले होते. आरोप उघड होताच ओहायो स्टेटच्या चाहत्यांनी दोन्ही निकालांवर संशय घेतला. १० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘बिग टेन’ने खिलाडूवृत्तीविषयक धोरणाचा आधार घेऊन मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो यांना नियमित हंगामाच्या उरलेल्या तीन सामन्यांसाठी मैदानावर येण्यास बंदी केली. चौकशी पूर्ण होण्याआधीच शिक्षा दिल्याची तक्रार करत विद्यापीठ न्यायालयात गेले, पण आठवडाभरात त्याने दावा मागे घेतला. सहायक प्रशिक्षक शेरोन मूर यांच्या हंगामी मार्गदर्शनाखाली मिशिगनने २५ नोव्हेंबरला ओहायो स्टेटला ३०–२४ असे हरवले, आणि हार्बो परतल्यावर ८ जानेवारी २०२४ रोजी वॉशिंग्टनवर ३४–१३ अशी मात करून एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात, स्टॅलियन्स आणि हार्बो दोघेही संघ सोडून गेलेले असताना, मिशिगनने ओहायो स्टेटला पुन्हा १३–१० असे नमवले. या निकालांचा आधार घेऊन मिशिगनचे समर्थक टेहळणीचा परिणाम नगण्य होता असे म्हणतात. हा युक्तिवाद मूळ प्रश्नाला बगल देतो. नियम पाळून तयारी करणाऱ्या डझनभर संघांनी त्या तीन हंगामांत आपल्या खुणा नियमबाह्य मार्गाने टिपल्या जात आहेत हे ठाऊक नसताना सामने खेळले, आणि नंतरच्या विजयांनी ती फसवणूक भरून निघत नाही.

बचाव म्हणून मांडलेला दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. परिषदेतील इतर संघांनी मिशिगनच्या खुणांची माहिती आपापसांत वाटून घेतली होती, असे दाखवणारी कागदपत्रे मिशिगनने ‘बिग टेन’ला सादर केली. अशी देवाणघेवाण नियमात बसते. एका संघाने स्वतःच्या सामन्यात टिपलेले दुसऱ्याला फोनवर सांगितले तर चालते, पण त्या दुसऱ्याने तिकीट काढून ते स्वतः पाहिले तर चालत नाही, ही विसंगती खर्चाच्या हिशेबाने आखलेल्या नियमात उरलेलीच आहे. मात्र चित्रीकरणाच्या बंदीला अशी कोणतीही पळवाट नाही, आणि इतरांनी नियमाच्या आत राहून केलेल्या गोष्टींनी ते चित्रीकरण क्षम्य ठरत नाही.

एनसीएएच्या शिस्तपालन समितीने १५ ऑगस्ट २०२५ रोजी निर्णय दिला. तीन हंगामांत ५२ सामन्यांमध्ये मिळून १३ आगामी प्रतिस्पर्ध्यांच्या प्रत्यक्ष टेहळणीचे किमान ५६ प्रकार घडल्याचे समितीने नमूद केले. विद्यापीठावर चार वर्षांची देखरेख लादण्यात आली. ५० हजार डॉलर आणि फुटबॉल विभागाच्या अंदाजपत्रकाच्या १० टक्के एवढा दंड झाला, आणि २०२५ व २०२६ च्या उत्तरहंगामी सामन्यांतून अपेक्षित असलेल्या उत्पन्नाएवढी रक्कमही भरावी लागणार होती. स्टॅलियन्स यांच्यावर आठ आणि हार्बो यांच्यावर दहा वर्षांचे निर्बंध आले. या काळात त्यांना नेमू पाहणाऱ्या विद्यापीठाला एनसीएएच्या अटी मान्य कराव्या लागतील. मुख्य प्रशिक्षक आपल्या हाताखालच्यांच्या गैरवर्तनास आपोआप उत्तरदायी ठरेल, असा नियम जानेवारी २०२३ पासून लागू झाला होता. हार्बो तोवर लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेलेले होते, आणि त्यांच्यावरचे निर्बंध आधीच्या दुसऱ्या प्रकरणातील शिक्षा संपल्यावर, म्हणजे ऑगस्ट २०२८ पासून, सुरू होणार असल्याने त्यांना त्याची झळ लगेच बसली नाही. विजय रद्द झाले नाहीत, विजेतेपद कायम राहिले. उत्तरहंगामी सामन्यांवर बंदी घातली असती तर त्या काळात संघात नसलेल्या खेळाडूंना शिक्षा भोगावी लागली असती; समितीने हे टाळले, ते योग्यच होते. खेळाडूंना वगळल्यावर पैशाचा दंड एवढाच मोठा मार्ग उरला, आणि इतक्या श्रीमंत विद्यापीठाला पैशाचा दंड फारसा जड जात नाही.

मूळ समस्येवरचा उपाय या सर्व काळात उपलब्ध होता. एनएफएल या व्यावसायिक लीगने १९९४ मध्ये, म्हणजे एनसीएएने टेहळणीवर बंदी घातली त्याच वर्षी, क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात ध्वनिग्राहक बसवून प्रशिक्षकाचा आवाज थेट त्याच्या कानापर्यंत पोहोचवला होता. विद्यापीठांमध्ये खर्चाच्या सबबीवर ही सोय तीस वर्षे रखडली. हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर गुपिते हातवाऱ्यांनी सांगायची आणि ती कोणी कोठून पाहायची यावर नियम करायचे, अशी ही व्यवस्था होती. एनसीएएने अखेर एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च विभागासाठी ध्वनिसंपर्काला परवानगी दिली. प्रत्येक बाजूच्या एकाच खेळाडूला आवाज ऐकू येतो, त्याच्या शिरस्त्राणावर हिरवा ठिपका असतो, आणि दोन चालींमधल्या वेळेच्या घड्याळात १५ सेकंद उरले की, किंवा त्याआधी चेंडू खेळात आल्यास तत्काळ, संपर्क तुटतो. उरलेल्या दहा जणांपर्यंत चाल पोहोचवायला वेगाने खेळणारे अनेक संघ अजूनही हातवारे आणि फलक वापरतात. त्यामुळे पलीकडच्या सीमारेषेवरचा तक्ताधारी सहायकही अजून आपल्या जागी आहे, आणि टेहळणीवरील १९९४ ची बंदीही लागू आहे.